प्रतिरूप रेल्वेतील विद्युत् परिभाषा

खऱ्या आगगाडीची प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती करून ती विजेवर चालविण्याच्या छंदात ‘दाब’, ‘प्रवाह’, ‘शक्ती’, ‘रोहित्र’ इ. संज्ञा कोणत्या अर्थाने वापराव्यात, याविषयी हौशी मंडळींत दीर्घकाळ वाद चालत आला आहे. वरवर पाहता तो शब्दच्छल वाटतो. परंतु खोक्यावरील एका शब्दावर विसंबून चुकीचा पुरवठा जोडला, तर कित्येक महिने खपून तयार केलेल्या एंजिनातील चलित्र (मोटर) थोड्याच वेळात जळते.

मूळ संकल्पना समजण्यास रायगड जिल्ह्यातील खोपोलीचे उदाहरण सोयीचे आहे. कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून कुंभिवलीसारख्या तेथील गावांच्या परिसरात घाट, पाणी, वीज व रेल्वे या चारही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. लोणावळा, वळवण व शिरवटा या घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून ५०० मी. हून अधिक खाली आणून टाटा कंपनीने १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत् केंद्र सुरू केले. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. पाणी किती उंचीवरून येते ही गोष्ट विद्युत् दाबासारखी (व्होल्ट), तर दर सेकंदाला किती पाणी येते ही विद्युत् प्रवाहासारखी (अँपिअर) होय. दोहोंच्या गुणाकारावरून दर सेकंदाला किती कार्य होईल हे ठरते. तीच शक्ती (वॅट). एकूण झालेले कार्य म्हणजे ऊर्जा. घरगुती वीजबिलातील ‘युनिट’ (एक किलोवॅट-तास) हे ऊर्जेचे माप आहे, शक्तीचे नव्हे. बोलीत मात्र ‘लाइट गेली’, ‘करंट नाही’ आणि ‘पॉवर गेली’ हे तिन्ही प्रयोग एकाच घटनेला उद्देशून होतात आणि ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. प्रतिरूप रेल्वेत ते अडते.

१२ व्होल्टांच्या एंजिनाला १ अँपिअरऐवजी ५ अँपिअर देऊ शकणारा पुरवठा जोडल्यास पाचपट प्रवाह चलित्रात शिरेल, ही नवशिक्यांची नेहमीची भीती आहे. ती निराधार आहे. तलाव मोठा असला म्हणून त्याच उंचीच्या त्याच नळातून अधिक पाणी येत नाही. चलित्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. मात्र गाडी घसरून तिच्या धातूच्या भागाने दोन्ही रूळ जोडले गेले, तर मोठा पुरवठा डब्याचे प्लॅस्टिक वितळेल इतकी उष्णता निर्माण करू शकतो. म्हणजे धोका खरा असतो, पण तो वेगळ्या ठिकाणी असतो.

वॅटच्या आकड्याविषयीचा वाद अमेरिकेत विशेष रंगला. तेथील लायोनेल कंपनीने १९०६ पासून तीन रुळांचा मार्ग व त्यासाठी रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तिच्या मोठ्या रोहित्रांवर छापलेला वॅटचा आकडा हा रोहित्र घरातील पुरवठ्यातून घेत असलेल्या शक्तीचा होता. रुळांना मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असे. आकडा खोटा नव्हता. तो कोणत्या टोकाचा आहे, हे ग्राहकाला उमगत नव्हते, एवढेच.

‘रोहित्र’ हा शब्दही असाच सैल झाला आहे. रोहित्र केवळ प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचा दाब बदलते. दोन रुळांच्या १२ व्होल्ट पद्धतीला एकदिश प्रवाह लागतो. म्हणून तिच्या पेटीत रोहित्रापुढे एकदिशकारकही असतो. तरीही अशा सबंध पेटीला सर्रास रोहित्र म्हटले जाते. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १९३५ मध्ये आणलेली लहान मापाची गाडी मात्र प्रत्यावर्ती प्रवाहावर चाले. तिची दिशा बदलण्यासाठी क्षणभर अधिक दाब देऊन एंजिनातील स्विच फिरवीत असत. उलट एकदिश पद्धतीत रुळांची ध्रुवता बदलली की गाडी मागे धावते. कायम चुंबकाचे एकदिश चलित्र प्रत्यावर्ती पुरवठ्याला जोडल्यास ते न फिरता केवळ गुणगुणते व तापते. शब्दाचा सैलपणा महागात पडतो, तो येथे.

खऱ्या रेल्वेतही हा भेद निव्वळ ग्रांथिक नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला अशी भारतातील पहिली विद्युत् गाडी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली आणि १९२९-३० च्या सुमारास ही पद्धती कर्जत व बोर घाटमार्गे पुण्यापर्यंत पोहोचली. खोपोली व भिवपुरी येथील जनित्रे प्रत्यावर्ती वीज निर्माण करीत असता शेजारच्या घाटातील लोहमार्गावरील तार एकदिश होती. भारतीय रेल्वेच्या एंजिनांच्या वर्गनामांत सी हे अक्षर एकदिश व ए हे प्रत्यावर्ती प्रवाहासाठी योजले आहे (डी हे अक्षर डीझेलसाठी). १९९७ पासून मध्य रेल्वेत आलेल्या डब्ल्यूसीएएम–३ या वर्गात दोन्ही अक्षरे आहेत, कारण हे एंजिन दोन्ही प्रवाहांवर चाले. त्याची शक्ती एकदिश प्रवाहावर ४,६०० व प्रत्यावर्ती प्रवाहावर ५,००० अश्वशक्ती अशी दिली जाते. तेव्हा पुरवठा सांगितल्याशिवाय ‘शक्ती किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. कल्याण–पुणे मार्गाचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धतीत रूपांतर २०१० च्या सुमारास झाले व मुंबई उपनगरातील उरलेल्या मार्गांचे २०१६ पर्यंत.

सर्वांत चिवट वाद अंकीय आदेश-नियंत्रण पद्धतीमुळे उद्‌भवला. तिची मानके १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रतिरूप रेल्वे संघटनेने जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून तयार केली. हीत रुळांवर नेहमी पूर्ण दाब असतो व त्याची ध्रुवता सेकंदाला हजारो वेळा पालटते. अर्धे स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर ‘एक’, व १०० मायक्रोसेकंद वा अधिक असेल तर ‘शून्य’ असा संकेत एंजिनातील विसंकेतक वाचतो. हा प्रवाह एकदिश की प्रत्यावर्ती? एक पक्ष म्हणतो, दिशा पालटते म्हणून प्रत्यावर्ती. दुसरा म्हणतो, घरातील विजेसारखा ज्या-तरंग नाही व कंप्रताही (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) निश्चित नाही, म्हणून त्याला ते नाव देऊ नये. मराठी संज्ञा येथे अधिक उपयोगी पडतात, असे म्हणता येईल : ‘एकदिश’ व ‘प्रत्यावर्ती’ हे शब्द केवळ दिशेविषयी बोलतात, तरंगाच्या आकाराविषयी नाही. त्यांच्या अर्थानुसार पहिला पक्ष बरोबर ठरतो. दुसऱ्याचा आक्षेप शब्दाला लागू नसला, तरी मोजमापाला लागू आहे. कारण ५० आवर्तनांच्या ज्या-तरंगासाठी जुळविलेला साधा व्होल्टमापक या रुळांवर चुकीचा आकडा दाखवितो.

महाराष्ट्रात या छंदाचा सार्वजनिक परिचय पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे झाला. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. बोर घाटातील जुन्या एकदिश एंजिनाची प्रतिकृती अंकीय पद्धतीवर चालवू पाहणाऱ्याला मौजेची स्थिती आढळते. रुळांतून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह एंजिनातील विसंकेतक आधी एकदिश करतो आणि मगच तो चलित्राला देतो. खोपोलीच्या शेजारी घाटातील लोहमार्गासाठी जे रूपांतर पूर्वी उपकेंद्रात होत असे, ते येथे बोटभर जागेत होते.