अंग बाहेर येणे आणि स्वच्छता साधनांची निवड

गर्भाशय, मूत्राशय, मलाशय यांपैकी एक किंवा अधिक अवयव आपली जागा सोडून योनीत अथवा योनीबाहेर सरकणे, या विकाराला मराठीत अंग बाहेर येणे किंवा अंग उतरणे असे म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत त्याला श्रोणी अवयव भ्रंश, तर दवाखान्यांत सर्रास प्रोलॅप्स असे संबोधले जाते. हा विकार असलेल्या स्त्रीला पाळीचा रक्तस्राव, योनीतील स्राव आणि नकळत गळणारी लघवी या तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी साधने वापरावी लागतात. बाजारातील बहुतेक साधने अवयव जागेवर आहेत असे गृहीत धरून बनवलेली असल्यामुळे त्यांची निवड करताना काही वेगळे निकष लागू होतात. कोणतेही पॅड, टॅम्पॉन किंवा कप हा विकार बरा करत नाही. मात्र अयोग्य साधनामुळे उघड्या पडलेल्या त्वचेला इजा होऊ शकते, आणि साधनाच्या आधारे त्रास झाकत राहिल्यास उपचार लांबतात.

स्वरूप आणि लक्षणे

ओटीपोटातील अवयवांना खालून स्नायूंचा पडदा आणि बाजूंनी अस्थिबंध आधार देतात. हा आधार सैल झाला की अवयव खाली येतात. योनीची पुढची भिंत उतरल्यास तिच्यासोबत मूत्राशय खाली येते, मागची भिंत उतरल्यास मलाशय पुढे फुगते, तर मधला आधार सुटल्यास गर्भाशय उतरते. गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांमध्ये योनीचा वरचा भागही खाली येऊ शकतो.

योनीमार्गे झालेली बाळंतपणे, विशेषतः वारंवार किंवा दीर्घकाळ अडलेली प्रसूती, हे या विकाराचे प्रमुख कारण आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि सतत जड ओझी उचलणे यांमुळेही आधार कमकुवत होतो.

खाली काहीतरी ओढले जात असल्याची भावना, हाताला गाठीसारखे काही लागणे, कंबरदुखी, लघवी पूर्ण न होणे, वारंवार लघवीला जावे लागणे आणि खोकताना किंवा शिंकताना लघवी गळणे ही लक्षणे आढळतात. दिवसभर उभे राहिल्यानंतर संध्याकाळी त्रास वाढतो आणि आडवे झाल्यावर कमी होतो. विकाराच्या सौम्य अवस्थेत कोणतेही लक्षण नसू शकते.

साधनांच्या निवडीचे निकष

पहिला निकष म्हणजे कोणता द्रव शोषायचा आहे. पाळीचे रक्त दाट असते आणि हळूहळू येते. लघवी पातळ असते आणि एकदम येते. पाळीच्या पॅडमध्ये लघवी तितक्या वेगाने मुरत नाही. ती पृष्ठभागावर राहिल्याने त्वचा ओली राहते, आग होते आणि दुर्गंधी येते. लघवी गळत असल्यास त्यासाठीच बनवलेले पॅड अधिक योग्य ठरते.

दुसरा निकष म्हणजे अवयव कुठपर्यंत आला आहे. तो योनीच्या आतच असल्यास आत ठेवण्याच्या साधनांसाठी जागा कमी उरते. तो बाहेर येत असल्यास योनीची नाजूक अंतस्त्वचा दिवसभर पॅडच्या पृष्ठभागावर घासली जाते. ही त्वचा मुळात ओलसर असते. बाहेर राहून ती कोरडी व जाड होते, आणि त्या जागी व्रण पडू शकतो.

तिसरा निकष म्हणजे साधन घालताना व काढताना किती जोर लावावा लागतो. कुंथणे किंवा आतून ओढ बसणे या दोन्ही गोष्टी सैल झालेल्या आधारावर ताण आणतात.

साधनांचे प्रकार

*सॅनिटरी पॅड.* पॅड बाहेरच राहत असल्यामुळे त्याचा योनीच्या आत दाब पडत नाही. सच्छिद्र प्लास्टिकची वरची जाळी रक्त झटकन खाली जाऊ देते, परंतु बाहेर आलेल्या अंगावर ती खरखरीत लागू शकते. अशा वेळी सुती किंवा सुतासारख्या मऊ पृष्ठभागाचे, बिनसुगंधी पॅड सोयीचे पडते. सुगंधी द्रव्ये आणि रंग यांमुळे त्वचेचा दाह होण्याची शक्यता असते. पॅड साधारणतः चार ते सहा तासांनी, आणि लघवीने ओले झाल्यास लगेच बदलण्याचा सल्ला दिला जातो. घट्ट अंतर्वस्त्रामुळे घर्षण वाढते; पूर्ण मापाचे सुती अंतर्वस्त्र त्यापेक्षा बरे.

*कापडी पॅड आणि पाळीच्या पँटी.* स्वच्छ, मऊ सुती कापड अंगाला कमी टोचते. साबणाचा अंश न राहील असे धुऊन ते उन्हात पूर्ण वाळवणे आवश्यक असते. लाजेपोटी दुसऱ्या कपड्यांखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवलेले दमट कापड जंतुसंसर्गाला निमंत्रण देते. बाहेर आलेले अंग आत राहावे म्हणून योनीत कापडाचा बोळा बसवणे धोक्याचे आहे. त्याने व्रण व संसर्ग होऊ शकतो आणि कापड आत विसरले जाण्याचीही भीती असते.

*टॅम्पॉन.* सैल योनीमार्गात टॅम्पॉन नीट न टिकता खाली सरकू शकतो. रक्तस्राव कमी असताना वापरलेला कोरडा टॅम्पॉन काढताना त्वचा खरवडली जाते. अमेरिकेत १९८० मध्ये अतिशोषक टॅम्पॉनच्या वापराशी निगडित टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जीवघेण्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले आणि ‘रिलाय’ हा टॅम्पॉन बाजारातून मागे घेण्यात आला. तेव्हापासून गरजेपुरत्या कमीत कमी शोषणक्षमतेचा टॅम्पॉन वापरावा आणि तो आठ तासांहून अधिक काळ ठेवू नये, अशी सूचना दिली जाते.

*मासिक पाळीचा कप.* सिलिकॉनचा कप योनीच्या भिंतींना चिकटून काही अंशी निर्वात दाबाने टिकतो. कडा दाबून आत हवा न शिरू देता तो नुसत्या दांड्याने ओढल्यास योनीच्या भिंती आणि गर्भाशयाचे मुख यांवर ओढ बसते. कप खाली यावा म्हणून जोरात कुंथल्यास ओटीपोटातील दाब वाढतो. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये कप वापरणाऱ्या काही स्त्रियांना हा विकार झाल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या आणि तेथील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने वेष्टनावर अधिक स्पष्ट सूचना असाव्यात अशी मागणी केली. कपामुळेच विकार होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकातील ४३ अभ्यासांच्या आढाव्याने कप हा सामान्यतः सुरक्षित पर्याय असल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष प्रामुख्याने हा विकार नसलेल्या स्त्रियांविषयी आहे. विकार आधीच असल्यास कप तिरका होणे, गळणे किंवा मूत्रमार्गावर दाबणे संभवते. त्यामुळे वापरण्यापूर्वी तपासणी करून घेणे हितावह ठरते.

पेसरी व शस्त्रक्रिया

पेसरी हे उतरलेले अवयव वर धरून ठेवण्यासाठी योनीत बसवायचे वैद्यकीय साधन आहे. ती बहुधा सिलिकॉनची व कड्याच्या आकाराची असते. तिच्यामुळे पांढरा स्राव वाढू शकतो, म्हणून पातळ बिनसुगंधी पॅड पुरेसे होते. पेसरी बसवलेली असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप किंवा टॅम्पॉन वापरू नये. ठरलेल्या मुदतीत ती काढून स्वच्छ न केल्यास योनीत व्रण होऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर त्वचा पातळ झाली असल्यास डॉक्टर योनीत लावण्याचे इस्ट्रोजेन मलम देतात.

या विकारावरील शस्त्रक्रियांमध्ये मुंबईतील शल्यविशारदांचे योगदान मोठे आहे. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. भालचंद्र नीलकंठ पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता त्याला पट्टीच्या आधाराने वर बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्या आजही त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. कमी वयात झालेल्या बाळंतपणांमुळे भारतात हा विकार तरुण स्त्रियांमध्येही आढळत असल्याने अशा पद्धतींची गरज होती. गर्भाशय राखल्यामुळे या स्त्रियांची पाळी चालू राहते आणि साधनांचा प्रश्नही कायम राहतो. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत, साधारणतः सहा आठवडे, योनीत कोणतेही साधन न ठेवता केवळ पॅड वापरण्यास सांगितले जाते.

धुण्याची द्रव्ये आणि पावडर

प्रजननक्षम वयात निरोगी योनी आम्लधर्मी असते आणि तेथील उपयुक्त जिवाणू संसर्गापासून तिचे रक्षण करतात. साबण, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी ‘इंटिमेट वॉश’ आत वापरल्याने हे संतुलन बिघडते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने हलकेच टिपणे पुरेसे असते. बाहेर आलेल्या अंगालाही हेच लागू पडते. शौचानंतर पुढून मागे धुतल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग टळण्यास मदत होते. टाल्कम पावडर टाळण्याचा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला.

मानके, रसायने आणि किंमत

भारतीय मानक ब्युरोचे आयएस ५४०५ हे मानक एकदाच वापरायच्या सॅनिटरी पॅडसाठी, तर आयएस १७५१४ हे पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आहे. दोन्ही मानके पाळीतील सर्वसाधारण वापर डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने २०२२ मध्ये भारतीय बाजारातील १० पॅडच्या चाचणीत थॅलेट्स आणि बाष्पनशील रसायने आढळल्याचे जाहीर केले. ‘सेंद्रिय’ म्हणून विकली जाणारी पॅडही त्यांत होती. अशी रसायने आढळणे म्हणजे इजा झाल्याचा पुरावा नव्हे, परंतु वेष्टनावरील दाव्यावर पूर्ण विसंबता येत नाही हे त्यातून दिसले.

सॅनिटरी पॅडवरील वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅडची किंमत ऑगस्ट २०१९ पासून प्रत्येकी १ रुपया करण्यात आली. महाराष्ट्र शासनाची ‘अस्मिता’ योजना ८ मार्च २०१८ रोजी ग्रामीण भागातील मुली व स्त्रियांसाठी सुरू झाली. या तिन्ही उपाययोजनांचा रोख पाळीवर होता. लघवी गळण्यासाठीची पॅड तुलनेने महाग असल्याने अनेक स्त्रिया पाळीच्या पॅडवरच भागवतात.

महाराष्ट्रातील स्थिती

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, तर त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दुखणे अंगावर काढण्याची सवय किती खोल आहे, याचा हा पहिला मोठा पुरावा मानला जातो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते, परंतु उसाच्या जड मोळ्या उचलणे थांबत नाही. योनीचा वरचा भाग उतरण्याची आणि लघवी गळण्याची शक्यता राहते. फडावर शौचालय व पुरेसे पाणी नसल्यास कोणतेही साधन वेळेवर बदलता येत नाही.

शहरांत ही अडचण वेगळ्या रूपात दिसते. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर शहराच्या नवघर, भाईंदर व मिरा रोड या भागांतून अनेक स्त्रिया लोकलने मुंबईला कामासाठी जातात. गर्दीत बराच वेळ उभे राहिल्याने अंग अधिक उतरते, आणि लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते. लघवी लागू नये म्हणून पाणी कमी पिणे हा अनेकींचा उपाय असतो. त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता यांची शक्यता वाढते, आणि बद्धकोष्ठतेतील कुंथण्याने मूळ विकार बळावतो. स्त्रियांसाठी विनामूल्य व स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करणारी ‘राइट टू पी’ ही चळवळ मुंबईत २०११ मध्ये सुरू झाली.

विल्हेवाट

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेली पॅड व डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकणे बंधनकारक करण्यात आले. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या पुण्यातील सहकारी संस्थेने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले, जेणेकरून कचरा हाताळणाऱ्यांना ते न उघडता ओळखता येईल.

वैद्यकीय तपासणीची गरज

पुढील लक्षणे पॅड बदलून निभावण्याजोगी नसतात. त्यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तपासणी आवश्यक असते:

* रजोनिवृत्तीनंतर योनीतून रक्त किंवा तपकिरी स्राव जाणे
* बाहेर आलेल्या अंगावर व्रण, रक्त किंवा पू दिसणे
* अंग आत न जाणे किंवा त्याचा रंग काळपट होणे
* लघवी अडणे
* टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक ताप, चक्कर वा अंगावर पुरळ येणे (साधन ताबडतोब काढून रुग्णालयात जावे)

सौम्य अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, बद्धकोष्ठता व खोकल्यावरील उपचार आणि ओझे कमी करणे यांनी आराम पडतो. पुढच्या अवस्थांत पेसरी किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय उपलब्ध असतात.

हेही पाहा

* मासिक पाळी
* रजोनिवृत्ती
* गर्भाशय
* राणी बंग