पूर्ण पगाराची मागणी, अर्ध्या पगाराचा कायदा

एकलहरे म्हटले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात. अशा केंद्रात नियंत्रण कक्ष थंड ठेवणारा एसी तंत्रज्ञ मात्र बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. शिडीवरून पडून तो जायबंदी झाला, तर भरपाई कोणी द्यायची?

या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण १८८४ च्या मुंबईत पोहोचतो. त्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या निवेदनातील रविवारची सुटी सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच निवेदनातील दुसरी मागणी विस्मृतीत गेली: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. माझ्या मते हीच अधिक धाडसी. यंत्राने केलेल्या इजेचे देणे ती थेट मालकाच्या खात्यावर मांडत होती.

कायदा झाला १९२३ साली, म्हणजे ३९ वर्षांनी. अंमल १ जुलै १९२४ पासून. तात्पुरत्या अपंगत्वासाठी त्याने मान्य केला तो साधारण अर्धाच पगार.

तंत्रज्ञाच्या दृष्टीने त्यातील कलम १२ कळीचे होते. ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडेही भरपाई मागता येईल; मालकाने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. अट अशी की ते काम मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असावे. वीजनिर्मिती हा व्यवसाय असेल, तर एसीची दुरुस्ती त्याचा भाग ठरते का? जखमी माणसाची भरपाई या एका शब्दार्थावर अडू शकते.