दीर्घ आजार, पाचारण आणि अंतःश्रवण : पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा एक दुर्लक्षित पैलू

करजगी हे कलबुर्गी जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. या साऱ्या सीमापट्ट्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात, आणि आमच्या धर्मशिक्षकांना बहुधा दोन्हींत प्रार्थना चालवावी लागते. अशा गावांतून घरभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकाला एक प्रश्न ठरलेला असतो. संधिवाताने जखडलेली वृद्धा, पक्षाघाताने खाटेला खिळलेला शेतकरी, मधुमेहाने दृष्टी मंदावलेला शिक्षक, यांपैकी कोणी ना कोणी विचारतोच, "देवाने मला अजून कशासाठी ठेवले आहे?"

या प्रश्नाला आम्हा धर्मसेवकांची दोन तयार उत्तरे असतात. पहिले असे की, विश्वास वाढवा, प्रार्थना करा, देव बरे करील. दुसरे असे की, हा तुमचा क्रूस आहे, तो निमूटपणे वाहा. दोन्हींत सत्याचा अंश आहे. तथापि, पहिल्या उत्तराने बरा न झालेला मनुष्य स्वतःच्या विश्वासाविषयी साशंक होतो, आणि दुसऱ्याने त्याचा प्रश्नच मिटवला जातो. त्याने वेदनेचे कारण विचारलेले नसते. त्याने आपले काम कोणते, हे विचारलेले असते. ख्रिस्ती परिभाषेत सांगायचे तर त्याने पाचारणाविषयी विचारलेले असते. या प्रश्नाचे तिसरे उत्तर आमच्याच मराठी ख्रिस्ती इतिहासात आहे, आणि ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून वाचता येते, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचे नाव या भागाला परके नाही. भीमेच्याच खोऱ्यात, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. १९१२ साली, हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, गुलबर्गा येथे ख्रिस्ती हायस्कूल सुरू झाले, तेही त्यांच्याच कार्याचा विस्तार म्हणून. त्यात त्यांची कन्या मनोरमाबाई यांचा पुढाकार होता. त्यांचे पांडित्य, त्यांचे धर्मांतर, त्यांनी दुष्काळात वाचविलेल्या मुली, हे सर्व आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविणाऱ्या एका गोष्टीकडे आमचे लक्ष क्वचित जाते. ती गोष्ट म्हणजे त्यांचे बहिरेपण.

बंद झालेला मार्ग

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटन करी. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत आईवडील आणि थोरली बहीण यांना मृत्यूने नेले. बंधू श्रीनिवास आणि रमाबाई उपाशीपोटी, उघड्या पायांनी देशभर हिंडले. पंजाबातील थंडीत पांघरूण नसल्यामुळे दोघांनी नदीकाठी खड्डे खणून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. १८८० साली बंधू गेले. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. मांडीवर मनोरमा होती, वयाला अद्याप एक वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्याच वर्षी पुण्यास हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्रियांसाठी स्त्री वैद्यांची निकड मांडली. पुरुष वैद्याला नाडी दाखविण्याचा संकोच होऊन किती स्त्रिया मरतात, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा आपण स्वतःच वैद्यक शिकावे हा संकल्प त्यांच्या मनात पक्का झाला. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते काम त्यांच्या हातून होणार नव्हते. त्यांचे श्रवण सदोष होते आणि दोष वाढत जाणारा होता. त्यामुळे वैद्यकाच्या शिक्षणाचा मार्ग बंद झाला. बहिरेपणाला रूढ अर्थाने कोणी आजार म्हणणार नाही. तथापि जो देहदोष बरा होत नाही, वर्षागणिक वाढतो आणि योजिलेले जीवनच अशक्य करतो, तो दीर्घ आजाऱ्याच्या अनुभवाहून निराळा नाही. पंचवीस वर्षांची विधवा, परका देश, लहान मूल, आणि ज्यासाठी आलो तेच हातातून निसटलेले, अशी ही अवस्था होती.

अंतरीचा आवाज आणि त्याची परीक्षा

या टप्प्यावर रमाबाईंनी काय केले? त्यांनी हा दोष म्हणजेच ईश्वरी संकेत, असा सोपा अर्थ काढला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साक्षनिवेदनात बहिरेपणाला मध्यवर्ती स्थान नाही. तेथे मध्यवर्ती आहे ती एका अनुभवाची आठवण. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने सावरीत होत्या. ते पाहून आणि योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून रमाबाईंच्या अंतःकरणात काही हलले. आपल्या देशातील स्त्रियांना असेच कोणी उभे करील काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. त्यांचे पुढील सर्व आयुष्य या प्रश्नाचे उत्तर होते.

हे अंतःश्रवण सहज पार पडले नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. आमच्या मते प्रत्येक धर्मगुरूने तो वाचावा. त्यात त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका आहेत, क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा आग्रह आहे, आणि पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेल्या हरकतीवर संताप आहे. पुन्हा पुन्हा एकच मुद्दा येतो : मोठ्या प्रयासाने मिळालेले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आपण कोणा मनुष्याच्या स्वाधीन करणार नाही.

सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. त्यांच्यावर केवळ टीका करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मनातील प्रत्येक आवाज देवाचा नसतो; भय, अभिमान आणि थकवा हेही अंतरात बोलतात, आणि आजारी माणसाच्या अंतरात तर फार मोठ्याने बोलतात. परीक्षेची मागणी करण्यात जेराल्डिनबाईंची चूक नव्हती. परीक्षा म्हणजे आज्ञापालन, असे त्यांनी मानले, येथे चूक झाली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, मनुष्य ज्या अंतरंगात देवासमोर एकटा उभा असतो ते गर्भगृह म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, अशा आशयाची शिकवण दिली. रमाबाई हेच ऐंशी वर्षे आधी आपल्या मठवासी गुरूंना सांगू पाहत होत्या. विशेष हे की, दोघींचे नाते तुटले नाही. मनोरमेसाठी त्या वृद्ध भगिनी 'आजीबाई'च राहिल्या.

अंतरीच्या आवाजाची पारख कशी करावी, याचा एक जुना धडा आजारपणातूनच आला आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला येथे अंथरुणावर पडला असता त्याच्या ध्यानात आले की, काही विचार मनात असताना गोड वाटतात, पण मागे रितेपण ठेवून जातात. काही विचार गेल्यावरही शांती उरते. पुढे संत इग्नेशियसने आत्मिक विवेकाचे जे नियम घातले त्यांचे मूळ या निरीक्षणात आहे. त्याचा पाय पूर्ववत झाला नाही. तो जन्मभर लंगडतच चालला.

दुसरे काम

वैद्यकाचा मार्ग बंद झाल्यावर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिल्या. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्या मराठी स्त्रीला मिळताना त्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई क्षयाने निवर्तल्या. वय अवघे एकवीस. ज्यांना पदवी मिळाली त्यांना ती वापरण्यास देह उरला नाही. ज्यांना देहदोषामुळे ती नाकारली गेली त्यांना आणखी पस्तीस वर्षे मिळाली. यातून कोणताही हिशेब मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. देवाच्या न्यायाचे गणित असल्या तुलनेने सुटत नाही.

अमेरिकेत त्यांनी बालशिक्षणाची पद्धती अभ्यासिली, 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक १८८७ साली लिहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता आल्या, तेव्हा स्वतःच्या उपासमारीच्या आठवणीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. येथे अंतःश्रवणाचे खरे स्वरूप कळते : देवाचा आवाज बहुधा आपल्याच जखमेच्या आठवणीतून बोलतो. त्यांनी आणलेल्या मुलींसाठी केडगावी मुक्ती उभी राहिली, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे अंध मुलींना ब्रेल लिपी व हस्तकाम शिकविले जाई. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. देहाने अधू असलेल्यांना तेथे केवळ आश्रय नव्हता, कामही होते.

वयोमानाबरोबर रमाबाईंचे बहिरेपण वाढले. प्रार्थनेवर इतका भर देणाऱ्या या स्त्रीचे श्रवण परत आले नाही. अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, मुक्तीतील मुलींनी त्याचे खिळे जुळविले, आणि बाईंनी मुद्रिते तपासली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे झाल्यावर, रमाबाई गेल्या. समग्र ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

जिची मुक्ती झाली नाही

येथे वाचक म्हणेल, रमाबाई असामान्य होत्या. करजगीच्या खाटेवरील वृद्धेला त्यांचा काय उपयोग? हा आक्षेप रास्त आहे, म्हणून दुसरे एक नाव सांगतो.

कृपाबाई सत्यनादन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला, हरिपंत खिस्ती यांच्या घरी झाला. वैद्यकासाठी इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती त्यांना मिळत होती, परंतु प्रकृती नाजूक म्हणून जाता आले नाही. १८७८ साली त्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, उत्तम गुण मिळविले, आणि प्रकृती ढासळून शिक्षण सोडावे लागले. विवाहानंतर उटकमंड येथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालविली. त्यांचे एकुलते मूल तान्हेपणीच गेले. आजार कधी सुटला नाही. मिळतील त्या बऱ्या दिवसांत त्या लिहीत राहिल्या. 'सगुणा' आणि 'कमला' या त्यांच्या दोन इंग्रजी कादंबऱ्यांत मराठी मुलीचे बालपण आणि तिची ज्ञानाची ओढ आली आहे. १८९४ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

कृपाबाईंनी संस्था उभारली नाही. त्यांच्या कार्याचे मोजमाप संख्येने होणार नाही. तरीही त्यांचे पाचारण रमाबाईंच्या पाचारणाहून खोटे किंवा अपुरे होते, असे कोणी म्हणू धजेल काय? आजाराने दोघींचा एकच मार्ग बंद केला. एकीला पुढे विशाल क्षेत्र मिळाले, दुसरीला एक मेज आणि थोडेसे बळ. दोघींनी मिळाले त्यात ऐकले आणि मिळाले त्यात केले.

धर्मसेवकाचे स्थान

यावरून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न होतात. आजार हे स्वतः पाचारण नव्हे. तो वाईटच असतो, आणि औषधोपचार घेणे हे कर्तव्यच राहते. दुसरे, आजाराने एक काम अशक्य झाले म्हणून पाचारण संपत नाही. ते कोणत्या दिशेने वळते हे आजारी मनुष्यालाच ऐकू येते, आम्हांस नव्हे. तिसरे, त्याने ऐकलेले पारखण्यास त्याला सोबत लागते, आणि तेथे आमचे काम सुरू होते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुलाला हाक ऐकू येते, पण ती कोणाची ते कळत नाही. तो तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावतो. एली त्याला देवाचा निरोप सांगत नाही. तो एलीला ठाऊकच नाही. तो त्याला परत जागेवर जाऊन ऐकण्यास सांगतो. शास्त्रकाराने त्याआधीच नोंदवून ठेवले आहे की, एलीची दृष्टी मंद झाली होती, त्याला दिसेनासे झाले होते. ज्याचे डोळे गेले त्या याजकालाच कळले की मुलाला हाक मारणारा देव आहे.

पुढच्या घरभेटीस खाटेजवळ बसताना आमच्या बंधुभगिनींनी तयार उत्तरे थोडा वेळ बाजूला ठेवावीत. रुग्णाला विचारावे : या दिवसांत कोणता विचार पुन्हा पुन्हा येतो, आणि तो गेल्यावर मागे काय उरते? मग गप्प बसावे. उत्तर कदाचित शेजारच्या मुलाला अक्षर शिकविण्याचे असेल, कदाचित जुने वैर मिटविण्याचे, कदाचित केवळ इतरांसाठी प्रार्थना करण्याचे. ते लहान वाटले तरी लहान म्हणू नये. ते काम कोणाचे आहे हे आम्ही ठरवीत नाही. ते ऐकू येईपर्यंत सोबत राहणे, एवढीच सेवा आमच्याकडे सोपविलेली आहे.