अवसेचे कूळ

मेहकरचे नाव पुराणात आले ते श्राद्धाच्या निमित्ताने. मत्स्यपुराणाच्या बाविसाव्या अध्यायात पितरांना पिंड द्यायला योग्य अशा तीर्थांची लांबलचक यादी आहे. गया, प्रयाग अशा थोर मंडळींच्या पंगतीत तिथे मेघकर नावाचे एक तीर्थ येते आणि तिथे साक्षात शार्ङ्गधर विष्णू राहतो, असे पुराणकार सांगतो. पद्मपुराणातल्या गीतामाहात्म्यातही प्रणीता नदीकाठचे मेघंकर नगर आहे. प्रणीता म्हणजे आपली पैनगंगा आणि मेघंकर म्हणजे आपले मेहकर, अशी इथली जुनी समजूत. १८८८ साली गावात जमिनीखालून शार्ङ्गधराची काळ्या पाषाणाची, सुमारे ११ फूट उंचीची मूर्ती निघाली आणि ती समजूत पक्की झाली. आज लोक बालाजी म्हणून तिच्या दर्शनाला येतात. पण मत्स्यपुराणाचे मानायचे तर हे गाव आधी पितरांना जेवू घालण्याचे ठिकाण. आणि पितरांचा दिवस म्हणजे अमावास्या.

म्हणून अवसेची कुळकथा सांगायला मेहकर बरे. कारण अवस म्हटले की हल्ली डोळ्यासमोर येते ते गाडीला लटकवलेले लिंबू-मिरची, चौकात उतरवून टाकलेला नारळ आणि पुढे ढकललेली सोयरीक. ही ओळख तिची खरी नव्हे. निदान पहिली तरी नव्हे.

पहिली ओळख वेदातली. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात सिनीवाली नावाची देवी आहे. तिच्याकडे संतती मागितली आहे. पुढे ब्राह्मणग्रंथांनी अवसेच्या दोन बहिणी केल्या: आधीची सिनीवाली आणि नंतरची कुहू. चंद्राची बारीकशी कोर अजून दिसते ती सिनीवाली, कोर मुळीच दिसत नाही ती कुहू. देवीच ती, तिला घाबरायचे काय? अग्निहोत्र्याच्या घरी दर पंधरवड्याला एक इष्टी असे, पौर्णिमेची पौर्णमास आणि अवसेची दर्श. चंद्रसूर्य या दिवशी एका घरी वस्तीला असतात म्हणून अमावास्या, एवढी साधी बाब. शतपथ ब्राह्मण पुढे असेही सांगते की चंद्र म्हणजे देवांचे अन्न, सोम. तो आकाशात दिसत नाही त्या रात्री खाली येऊन पाण्यात आणि वनस्पतींत मुक्कामाला असतो.

याच ग्रंथात एक गोष्ट आहे, आणि मला वाटते अवसेचे सगळे कूळ त्या गोष्टीत आहे. सगळे प्राणी प्रजापतीकडे गेले आणि म्हणाले, आम्ही जगायचे कसे ते सांग. देवांना त्याने यज्ञ दिला. पितर आले, त्यांना सांगितले, तुमचे जेवण महिन्याचे महिन्याला, आणि चंद्र हा तुमचा उजेड. माणसांना सांगितले, तुम्ही सकाळ-संध्याकाळ जेवा. जनावरांना मात्र मुभा दिली: मिळेल तेव्हा, वेळी-अवेळी, खा. अवसेच्या तिसऱ्या प्रहरी पितरांना पिंड देण्याचा पिंडपितृयज्ञ या वाटणीवर उभा आहे. चंद्र विझला म्हणजे पितरांचे ताट वाढायची वेळ झाली.

धर्मशास्त्रकारांनी मग यात नियमांची भर घातली. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त काळ आणि श्राद्ध यांचा केवढा तरी मोठा भाग आहे. मेहकर-लोणार भागात त्याचे नाव दगडी खांबांना चिकटले आहे. तिथींच्या घोळातही त्याचा हात तेवढाच आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला आणि आपल्या भटजींच्या हाती एक पोथी पडली. आजही वाद झाला की तीच उघडतात.

या सगळ्या शास्त्राला शेतकऱ्याने आपल्या पद्धतीने वळवून घेतले. जुन्या माणसांच्या घरात अवसेला औत धरत नसत. विष्णुपुराण म्हणते, या रात्री सोम झाडापाल्यात असतो, म्हणून वनस्पती तोडू नयेत. नांगर-वखर बंद ठेवण्याची रीत त्यातूनच आली असावी, असा माझा तर्क. पण रीत टिकली ती पुराणामुळे नव्हे, बैलामुळे. रविवार नसलेल्या काळात जनावराला महिन्याची एक हक्काची सुटी याच तिथीने दिली. (गंमत अशी की बांबू आणि लाकूड अंधाऱ्या पक्षात, अवसेच्या आसपास तोडले तर कीड लागत नाही, असेही तोच शेतकरी सांगतो. पुराणाला जिथे ऐकायचे तिथे ऐकले, बाकीच्या ठिकाणी कुऱ्हाड घेतली.)

वर्षाच्या सगळ्या अवसा सारख्या नाहीत. मोठ्या चार, आणि त्या चारही ओळीने येतात: आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. आषाढात दिव्याची अवस. समया, निरांजने, कंदील चिंचेने-राखेने घासून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे. विदर्भात बऱ्याच गावी हिला जिवती म्हणतात आणि लेकराबाळांसाठी जिवतीचा कागद भिंतीला लावतात. शहरांनी तिची ‘गटारी’ केली, त्याबद्दल न बोललेले बरे. भाद्रपदात सर्वपित्री, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांची. आश्विनात लक्ष्मीपूजन. त्याच रात्री मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची काळी मास असते आणि पोरी दिवे घेऊन मेरा गात दारोदार जातात. खरीप पाहा आणि या चार अवसा पाहा: पेरणी आटोपली, डवरणी-निंदण झाले, मूग-उडीद घरात आले, सोयाबीन बाजार समितीत निघाले. तिथी आकाशातली असली तरी तिचे काम जमिनीवरचे आहे.

मधली राहिली ती श्रावणातली. वऱ्हाडात अवस म्हणजे ती. पिठोरीचे पूजन घरात बाया करतात, चौसष्ट योगिनींच्या नावाने. पण गावाला दिसतो तो पोळा. आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा ऊन पाण्याने शेकायचा, हळद-लोणी चोळायचे आणि बैलाच्या कानात आवतण द्यायचे की उद्या जेवायला या. जेवणाचे आमंत्रण जनावराला तोंडी देणारा हा एकच सण असावा. सकाळी नदीवर धुणे, मग शिंगांना रंग, बेगड, बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा, गोंडे, घुंगरमाळा, पाठीवर झूल. दुपार कलली की जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. झडत्या म्हणतात, एकमेकांची उणीदुणी काढत. मानाची जोडी पुढे होते, तोरण तुटते, पोळा फुटतो. मग घरोघर ओवाळणी, पुरणपोळीचा घास, आणि सालगड्याला बोजारा. दुसऱ्या दिवशी कर.

प्रजापतीच्या त्या वाटणीत जनावराला ‘मिळेल तेव्हा खा’ असे म्हटले होते. माणसाने त्याला दावणीला बांधले आणि ती मुभा काढून घेतली. मग वर्षातून एकदा पितरांच्याच तिथीला त्याला पाहुणा करून जेवायला बसवले. पश्चिम महाराष्ट्रात हाच सण बेंदूर म्हणून बहुतेक ठिकाणी आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला करतात. त्यांचा बैल चांदण्यात मिरवतो. आमचा अवसेला. मला विचाराल तर अवसेचाच हक्क मोठा.

सालगड्याचेही वर्ष तिच्याशीच बांधलेले. त्याचा करार पाडव्याला सुरू होतो, म्हणजे संपतो फाल्गुनी अवसेला. आपला महिना अवसेला संपतो, म्हणून हे जमते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्याच्या वरच्या शिवेवरून बऱ्हाणपुराकडे गेलात की आपली श्रावणी अवस तिथे भादव्याची होते, दिवस तोच राहून. आणि तमिळनाडूत गेलात तर वेगळेच: तिथे पितरांना तर्पण देऊन झाले की अवस नव्या कामाला चांगली मानतात, दुकानाचे उद्‌घाटनसुद्धा करतात. पितर घरी येऊन जेवून गेलेल्या दिवसाला वाईट म्हणायचे कसे, हा त्यांचा हिशेब. मला तो आपल्या हिशेबापेक्षा सरळ वाटतो. आपल्याकडे मुहूर्त पाहणाऱ्यांनी चंद्र क्षीण म्हणून ही तिथी मंगलकार्यातून वगळली, आणि वगळलेल्या जागेत मांत्रिक येऊन बसला.

खुद्द तिथीचे गणित रूक्ष आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी. शेवटच्या १२ अंशांची ती अमावास्या आणि दोघे एका रेषेत आले की ती संपली. सरासरीने २९.५३ दिवसांनी हे घडते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांची, कधी २६ तासांची. सूर्यग्रहण होते ते अवस संपण्याच्या त्या क्षणाच्या आसपास. म्हणून ग्रहण ही पंचांगाची परीक्षा. जुनी कोष्टके या परीक्षेत चुकू लागली तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली शुद्ध गणिताचे पटवर्धनी पंचांग सुरू केले, आणि टिळकांनी तो वाद १९२० च्या सांगलीच्या परिषदेपर्यंत लावून धरला. याच मेहकरात मुसलमान मोहल्ला गणितावर नव्हे तर डोळ्यांवर भिस्त ठेवतो आणि अवस उलटून कोर दिसली की महिना धरतो. वेदातल्या सिनीवालीच्या माणसांना ही रीत ओळखीची वाटली असती.

तिथी सूर्योदयाशी जुळून येत नाही, म्हणून एक अवस दोन दिवसांवर पसरते. २०२४ सालची आश्विनी अवस ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. उत्तरेत बऱ्याच जणांनी पहिल्या दिवशी पूजा केली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी दुसरा दिवस धरला, कारण दोन्ही दिवशी प्रदोषाला अवस असेल तर पुढचा घ्यावा असा धर्मसिंधूचा निर्णय. मेहकरला त्या दिवशी सूर्य सहाच्या आत मावळला, तेव्हा वहीपूजनाला वेळ थोडाच उरला. श्राद्धाचा नियम वेगळा. त्याला दुपारनंतरची, अपराह्नाची अवस लागते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात ‘दर्श अमावास्या’ एका चौकोनात आणि नुसती ‘अमावास्या’ पुढच्या चौकोनात दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. पितरांचे पान पहिल्या दिवशी मांडायचे.