नळीखालचे शिक्के

आमगाव, कामठा, चिचगड, दरेकसा ही नावं चार्ल्स ग्रँट यांच्या १८७० च्या मध्य प्रांत गॅझेटिअरमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या जमिनदाऱ्या म्हणून येतात. आज ही सारी ठिकाणं गोंदिया जिल्ह्यात आहेत. जमिनदाऱ्या, मालगुजाऱ्या १९५१ मध्ये संपल्या. ज्या घरांत त्या काळातली दुनळी बंदूक उरली, तिथे तिच्यासोबत एखादी कथाही उरते: साहेबाने बक्षीस दिली, खास लंडनहून मागवली, दीडशे वर्षांची आहे. कथा खोटीच असते असं नाही. पण बंदुकीचं वय आणि दर्जा ठरवायचा तर कथा बाजूला ठेवून आधी परवाना पाहावा आणि मग नळ्या उतरवाव्यात.

परवान्याचं पुस्तक उघडलं की आधी शिक्का वाचावा. मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ नंतर भंडाऱ्याऐवजी गोंदिया. पान फाटलेलं, तारीख पुसलेली असली तरी या शिक्क्यांवरून नोंद कोणत्या काळातली ते ठरतं. मात्र परवाना सांगतो तो मालकाचा काळ. हत्यारांच्या परवान्याची चौकट १८७८ च्या कायद्याने घातली. त्याआधीची बंदूकही नंतरच्या परवान्यावर चढू शकते, आणि जुनी बंदूक पुढे कधीतरी विकत घेतलेलीही असू शकते. शिवाय कारकून लिहितो किती? दुनळी, बारा बोर, नंबर, आणि नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेलं नाव.

गोंधळ त्या नावानेच होतो. 'मँटन' हेच घ्या. लंडनचे प्रसिद्ध बंदूककार जोसेफ मँटन १८३५ मध्ये वारले. त्यांचं काम ठासणीच्या बंदुकांचं. मध्यभागी टोपी असलेलं काडतूस मागून भरायच्या बंदुका इंग्लंडात रुळल्या त्या १८६० नंतर. तेव्हा अशा दुनळीवर 'जे. मँटन' दिसलं तर ती त्यांच्या हातची असणं शक्यच नाही. नावाची पत वापरून अशा स्वस्त बंदुका बेल्जियममध्ये पुष्कळ निघाल्या. कलकत्त्याची मँटन अँड कंपनी मात्र खरी पेढी, १८२५ पासूनची. तिथलीच रॉडा कंपनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी पळवलेल्या ५० माउझर पिस्तुलांमुळे इतिहासात गेली. अशा पेढ्या बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या बंदुकांवर आपलं नाव घालून विकत. त्यामुळे पट्टीवरचं नाव बहुधा दुकानाचं असतं. आणि मुंबई-कलकत्ता ही दोन्ही बंदरं गोंदियाला रेल्वेने जोडलेली असल्यामुळे माल कुठूनही येऊ शके. नुसत्या नावावरून त्याची वाट ठरवता येत नाही.

खरा दस्तऐवज नळीच्या पोटावर असतो. पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवल्या की मागच्या टोकाला दोन सपाट जागा दिसतात, तिथे तपासणीगृहाचे ठसे असतात. लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये प्रत्येक नळीत जास्तीची दारू उडवून ती टिकली तरच ठसा मिळे. नियम वेळोवेळी बदलले, तसे ठसेही बदलले. म्हणूनच ते पंचांगासारखे वाचता येतात. 'नॉट फॉर बॉल' हे शब्द असतील, तर ती तोंडाशी आवळलेली नळी १८७५ ते १८८७ मधली. चौकटीत १२ आणि सी, जवळ 'चोक', म्हणजे १८८७ नंतरची. 'नायट्रो प्रूफ' १८९६ पासून. काडतुसाच्या घराची लांबी इंचांत लिहिलेली दिसली तर १९२५ नंतर. मुकुटाखाली बीएनपी आणि दाब टनांत, म्हणजे १९५४ किंवा त्याच्या पुढे. अंड्याच्या आकारात ई-एल-जी असेल तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची, वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. पट्टीवर इंग्रजी नाव आणि पोटावर ई-एल-जी, हा मेळ बसत नाही, आणि अशा वेळी मी पोटावरचा ठसा प्रमाण मानतो.

परवान्यात बारा बोर आणि नळीवर १३ असलं की कुणीतरी चूक केली असं वाटतं. तसं नसतं. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकी एकीचा व्यास, ०.७२९ इंच. काडतुसाचं घर बाराचं ठेवून पुढची नळी किंचित अरुंद ठेवत, आणि तपासणीगृह ते मोजलेलं माप ठोके.

दर्जा ठरवताना नजर आधी नक्षीकडे जाते. ती शेवटी पाहावी. आधी यंत्रणा. बाहेर घोडे आहेत का? नसतील तर ती ॲन्सन आणि डीली यांच्या १८७५ च्या पेटंटची पेटीबंद रचना आहे, की बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली महाग रचना? बाजूच्या पट्टीवर आतल्या भागांच्या पिनांची टोकं दिसली तर यंत्रणा खरोखर तिथे आहे. पट्टी कोरी असेल तर बहुधा ती शोभेची, आत पेटीच. मग नळ्यांच्या मागे काडतूस उचलणारा तुकडा बघावा. तो मधोमध दुभागलेला असेल तर उडालेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी, म्हणजे वरच्या किमतीची बंदूक. अखंड असेल तर साधी. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीच्या बंदुकांत तर दर्जाला नावंच होती: 'एम्पायर' स्वस्तातली, 'इम्पीरियल' सर्वांत वरची. 'एम्पायर' वाचून राजेशाही बंदूक समजू नये.

मुंबईत १८९१ मध्ये आणि कलकत्त्यात १९०१ मध्ये दुकान काढलेल्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण तिथे बंदूक आणि कागद एकमेकांना भेटतात. या संस्थेने १९३४ मध्ये 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' हे नाव सोडलं, म्हणून कोरलेलं जुनं नाव त्याआधीचं. तिच्या बऱ्याच बंदुका बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने बनवल्या. १९०७ चा विक्रीचा सूचिग्रंथ पुनर्मुद्रित झाला आहे, आणि बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. नंबर जुळला तर अंदाज संपतो.

हे सगळं लिहिण्याची घाई मला एका कारणासाठी वाटते. परवानाधारक वारला की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि मुदतीत वारसांनी काही केलं नाही तर ती सरकारजमा होते. ज्या हत्याराची दुरुस्ती करूनही गोळी सुटणार नाही, त्याच पुरातन हत्याराला कलम ४५ ची सूट आहे. चालू दुनळीला नाही. जमा करताना पावतीवर पुन्हा तेच चार शब्द येतात: दुनळी, बारा बोर, नंबर, नाव. म्हणून जमा करण्याआधी परवानाधारक विक्रेत्याकडून नळ्या उतरवून घ्याव्यात, दोन्ही नळ्यांच्या पोटाचे, पिनांचे आणि त्या काडतूस उचलणाऱ्या तुकड्याचे फोटो काढावेत, आणि ते परवान्याच्या प्रतीला जोडून घरात ठेवावेत. शिवाय जुन्या नळीवर पिळाची जाळी दिसत असेल आणि 'नायट्रो' कुठेच नसेल, तर ती बहुधा काळ्या दारूसाठीच तपासलेली आहे. आजचं काडतूस तिच्यात घालू नये.