आंग्रे आरमार : पर्यायी इतिहास

एखादी घटना घडलीच नसती तर पुढे काय झाले असते, याची पुराव्याला धरून केलेली मांडणी म्हणजे पर्यायी इतिहास. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडनचा कल्मार संघ (१३९७–१५२३) टिकून महासत्ता झाला असता तर, हा त्यातला एक प्रश्न. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतचा निकालच उलटतो. मराठ्यांच्या सागरी सत्तेचा निकाल मात्र पानिपतच्या आधी पाच वर्षे, कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाखाली लागला होता.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. पुढे मुलांत दौलत दुभंगली. त्यांपैकी विजयदुर्गाच्या तुळाजीचे पेशव्यांशी बिनसले आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी किल्ल्यावर तोफा डागल्या. तुळाजीने पूर्वी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या इंग्रजी जहाजाने पेट घेतला. आंग्र्यांच्या गुराबा (लढाऊ जहाजे) व गलबते शेजारीशेजारी बांधलेली, त्यामुळे बहुतेक आरमार जळाले. पेशव्यांना विजयदुर्ग मिळाला, इंग्रजांना बाणकोट. मराठ्यांना हा सौदा महागच पडला.

हे आरमार वाचले असते तर मराठे जागतिक सागरी सत्ता झाले असते, ही कल्पना भाबडी वाटते. गुराबा उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी भारी. भर समुद्रात मोठ्या युद्धनौकांपुढे त्यांचा टिकाव कठीण. मुंबईच्या व्यापाराला आंग्र्यांचे दस्तक (सागरी परवाने) आणखी काही काळ घ्यावे लागले असते, एवढे मात्र पटण्याजोगे आहे.