टायरचा पिवळा दिवा पेटलाय? रीसेट दाबण्याआधी हे बघा

गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर सगळेच दिवे दोन-तीन सेकंद पेटतात आणि विझतात. त्यातलं घोड्याच्या नालेसारखं दिसणारं पिवळं चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह असलेलं, विझलंच नाही किंवा गाडी चालवताना मध्येच पेटलं, तर तो टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिमचा, म्हणजे टीपीएमएसचा इशारा असतो. बरेच जण आधी मेन्यूत जाऊन रीसेट शोधतात. दिवा विझतो, पण टायरमधली हवा जेवढी होती तेवढीच राहते.

दिवा कसा पेटलाय ते आधी बघा

दिवा लागून तसाच राहिला, तर एखाद्या टायरमध्ये तरी हवा कमी आहे. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड सिस्टिममध्येच असतो: सेन्सरची बॅटरी संपलेली, सेन्सर तुटलेला किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली. लुकलुकत्या दिव्याचा अर्थ टायर ठीक आहेत असा मात्र घेऊ नका. सिस्टिमला आता दिसतच नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. हवा तेव्हाही तपासायचीच.

गाडी चालवताना दिवा लागला तर कचकन ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. स्टीअरिंग एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या पंपापर्यंत जाण्याचा मोह नकोच. नुसतं बघून 'ठीक वाटतंय' म्हणण्यातही अर्थ नाही, कारण ट्यूबलेस रेडियल टायर सात-आठ पीएसआय कमी असला तरी बाहेरून जवळपास तसाच दिसतो.

हवा मोजायची ती थंड टायरची

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पुढच्या-मागच्या टायरसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असू शकतो. टायरच्या बाजूला '४४ पीएसआय' किंवा '५१ पीएसआय' असं कोरलेलं असतं, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते.

हा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजायचा. चालून आलेल्या टायरमध्ये हवा तापते आणि दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसू शकतो. पंपावर ३३ दिसलं म्हणून खूश व्हाल, सकाळी तोच टायर २९ वर असेल. म्हणून गरम टायरमधून हवा कधी सोडू नका. आणि गरम असूनही आकडा स्टिकरपेक्षा कमी असेल, तर हवा नक्कीच कमी आहे. तिथेच भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा. त्यासाठी स्वतःचा छोटा गेज गाडीत असलेला बरा. (नायट्रोजन भरा म्हणून आग्रह होतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो!)

थंडीत नाशिक-निफाडकडे हमखास दिसणारा प्रकार म्हणजे दिवा सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप जातो. तापमान १० अंश सेल्सियसने उतरलं की दाब साधारण दोन पीएसआयने कमी होतो. सिस्टिम बरोबरच सांगते आहे. हवा आधीच काठावर होती, थंडीने ती काठाखाली गेली. सकाळीच भरा, दिवा परत येणार नाही.

एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल तर ते बारीक पंक्चर असतं, किंवा व्हॉल्व्ह किंवा रिमच्या कडेची गळती असते. पंक्चरवाला साबणाचं पाणी लावून दाखवतो, तेच घरीही करता येतं.

रीसेट कधी दाबायचं?

ते तुमच्या गाडीत कुठली सिस्टिम आहे त्यावर ठरतं. स्क्रीनवर चारही टायरचा वेगवेगळा दाब आकड्यात दिसत असेल तर ती बहुधा डायरेक्ट. यात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी दाब कळवतो. हवा भरल्यावर थोडी गाडी चालवली की दिवा आपोआप जातो, कारण उभ्या गाडीत बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपलेले असतात. ही बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि सहसा सीलबंद असते, त्यामुळे अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. टायर खोलायला देताना 'आत सेन्सर आहे' हे आधीच सांगा, नाहीतर मशीनचा फटका नेमका व्हॉल्व्हपाशी बसतो.

नुसताच दिवा असेल, आकडे नसतील, तर सिस्टिम इनडायरेक्ट असू शकते. नक्की काय आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. इथे चाकात दाबाचा सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित कमी होतो आणि ते इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर हा फरक पकडतात. रीसेट म्हणजे या सिस्टिमला 'आत्ताची हवा बरोबर आहे, हीच लक्षात ठेव' असं सांगणं. कमी हवेवर रीसेट दाबलंत तर तीच चुकीची हवा तिच्यासाठी योग्य ठरते, आणि पुढचा इशारा येईपर्यंत टायर आणखी उतरलेला असतो. म्हणून आधी चारही टायर स्टिकरप्रमाणे भरा, मग रीसेट करा. टायर बदलले किंवा चाकांच्या जागा बदलल्या तरी रीसेट लागतंच. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर ही सिस्टिम ते ओळखेलच असं नाही.

दिवा नाही म्हणजे सगळं ठीक?

नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना बसवलेले होते. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं झालं. त्या नियमात दाब २५ टक्के कमी झाला की इशारा द्यायचा आहे. म्हणजे ३३ चा टायर २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासभर १२० ने पळवला तर फुटूही शकतो. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी गेज लावा. स्टेपनीलाही लावा, तिच्यात बहुतेक वेळा सेन्सर नसतो.

ब्लूटूथवाले टोपी-सेन्सर

जुन्या गाडीसाठी व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे आणि मोबाइल ॲपवर दाब दाखवणारे सेन्सर मिळतात. कामाचे आहेत, पण बसवल्यावर त्यांच्याच सांध्यातून हवा जात नाही ना, हे साबणाच्या पाण्याने बघा. ॲपला दाब दिसत नसेल तर परवानग्या तपासा: अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशन सुरू लागतं, १२ पासून बहुधा 'नियरबाय डिव्हाइसेस'ची परवानगी. मुख्य घोळ बॅटरी सेव्हरचा होतो. फोन ॲपला मागच्या मागे बंद करतो आणि टायर उतरला तरी अलार्म वाजत नाही. त्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, आणि मग एकदा गाडी उभी असताना एका टायरची हवा मुद्दाम थोडी सोडून अलार्म खरंच वाजतो का ते बघा.